एका आकड्यात न मावणारी बुद्धी

मेंदूला जन्माच्या आगेमागे किंवा आयुष्याच्या पहिल्या काही वर्षांत इजा झाली की माणसाची बुद्धी सरसकट खालावते, ही समजूत आजही घट्ट आहे. आणि लहान वयातली इजा मेंदू आपोआप भरून काढतो, ही तिच्या नेमकी उलट समजूतही तितकीच घट्ट आहे. अशा इजेनंतर वाढलेल्या अनेकांच्या बाबतीत या दोन्ही समजुती खोट्या ठरतात. त्यांची बुद्धी सगळीकडे सारखी उणी नसते आणि सगळीकडे सारखी सावरलेलीही नसते. एखादी क्षमता वयाच्या पुढे असते, दुसरी वयाच्या कितीतरी मागे रेंगाळते, आणि ही दोन टोके एकाच माणसात, कित्येकदा एकाच कामात, समोरासमोर येतात. जो मुलगा घरच्या मोठ्यांशी त्यांच्या बरोबरीने बोलतो त्यालाच फळ्यावरची तीन ओळींची बेरीज वहीत नीट मांडता येत नाही, आणि जी मुलगी ऐकलेली गोष्ट महिन्याभरानंतरही बारकाव्यांसह सांगते ती रोजच्या वाटेवर वळण चुकते. अशा माणसांचे जे नुकसान इजेने होते ते होतेच. पण त्यावर आणखी मोठे नुकसान होते ते त्यांच्या क्षमतांची सरासरी काढून तिलाच त्यांची बुद्धी समजण्याच्या सवयीने, आणि ही सवय घर, शाळा, रुग्णालय व कायदा या चारही ठिकाणी मुरलेली आहे.

इजा असमान परिणाम का करते, याचे उत्तर मेंदूच्या घडणीत आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या मेंदूत, द्रवाने भरलेल्या पोकळ्यांच्या कडेला जो पांढरा भाग असतो, म्हणजे मेंदूच्या एका प्रदेशाकडून दुसऱ्याकडे संदेश नेणाऱ्या तंतूंचे जाळे, तो रक्तपुरवठा व प्राणवायू यांच्या चढउतारांपुढे विशेष नाजूक असतो. त्याला इजा झाली तर पायांच्या हालचाली, डोळा व हात यांचा मेळ, अवकाशाची जाण आणि लक्ष टिकवण्याची ताकद यांवर परिणाम होतो, आणि बोलणे पुष्कळदा शाबूत राहते. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत रक्तातील साखर फार खाली गेली, जे कमी वजनाच्या आणि दूध उशिरा मिळालेल्या बाळांत सहज घडते, तर बहुधा मेंदूच्या मागच्या भागाला, म्हणजे पाहिलेल्याचा अर्थ लावणाऱ्या भागाला, अधिक झळ पोचते. अशा मुलाचे डोळे तपासले तर निर्दोष निघतात, पण भरलेल्या कपाटातला सदरा किंवा गच्च छापलेल्या पानावरची ओळ त्याला सापडत नाही. याला मेंदूजन्य दृष्टिदोष म्हणतात. मेंदूज्वर, तीव्र कावीळ, डोक्याला बसलेला मार, दीर्घकाळ चाललेले झटके, या प्रत्येकाची झळ पोचण्याची जागा आणि तऱ्हा निराळी असते. घरात या साऱ्याचा इतिहास दोन-तीन वाक्यांत सांगितला जातो: बाळ जन्मल्यावर लगेच रडले नाही, पेटीत ठेवावे लागले, नंतर एकदा झटका आला. पुढे मूल चालू-बोलू लागले की ही वाक्ये मागे पडतात आणि आठव्या-नवव्या वर्षी वहीतल्या गणिताशी त्यांचा संबंध जोडण्याचे कोणाच्या मनात येत नाही.

पुण्याच्या पूर्व वेशीवरच्या मांजरीला या विषयात एक वेगळे स्थान आहे. हडपसर-मांजरी परिसरात १९६६ साली स्थापन झालेल्या सीरम इन्स्टिट्यूटचा पसारा आहे, आणि तिथे तयार होणाऱ्या लसींपैकी काही लसी थेट मेंदूचे रक्षण करणाऱ्या आहेत. जिवाणूंमुळे होणाऱ्या मेंदूज्वरातून वाचलेल्यांपैकी सुमारे पाचांत एकाला बहिरेपण, झटके किंवा बौद्धिक अडचणी असे दीर्घकालीन परिणाम भोगावे लागतात. आफ्रिकेतल्या या ज्वराच्या पट्ट्यासाठी जागतिक आरोग्य संघटना आणि पाथ ही संस्था यांच्या सहकार्याने सीरमने घडवलेली मेनॲफ्रिव्हॅक ही लस डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोपासून मोठ्या प्रमाणावर दिली जाऊ लागली, आणि तिच्या एका मात्रेची किंमत अर्ध्या डॉलरच्याही आत ठेवलेली होती. इजा टाळण्याचे काम इतक्या नेटाने, इतक्या स्वस्तात आणि इतक्या दूरवर करता येते, हा या परिसराचा खरा अभिमान आहे. त्यामुळेच दुसरी बाजू अधिक खुपते. ज्याची इजा टळली नाही त्याच्या पुढच्या पन्नास-साठ वर्षांचा विचार करणारी तितकीच भक्कम व्यवस्था ना मांजरीत आहे, ना पुण्यात, ना इतरत्र.

तसा पुण्यात या प्रश्नाचा एक अत्यंत चिकाटीचा अभ्यास झालेला आहे, आणि त्याची दखल वैद्यकीय वर्तुळाबाहेर फारच थोड्यांनी घेतली. रास्ता पेठेतल्या के. ई. एम. रुग्णालयाच्या नवजात विभागातून १९८७ ते १९८९ या काळात घरी गेलेल्या, जन्मवेळी दोन किलोपेक्षा कमी वजन असलेल्या बाळांचा डॉ. सुधा चौधरी, डॉ. आनंद पंडित आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे मागोवा घेतला. सहाव्या वर्षी, बाराव्या वर्षी आणि पुढे अठराव्या वर्षीही या मुलांना बोलावून तपासले. बाराव्या वर्षीच्या तपासणीत, उघड अपंगत्व नसलेल्या मुलांचाच विचार करूनही, त्यांचा सरासरी बुद्ध्यंक ८९.५ निघाला, तर पुऱ्या दिवसांच्या व पुऱ्या वजनाच्या तुलनागटाचा ९७.२. दोन्ही आकडे सर्वसाधारण मर्यादेत बसतात, आणि एवढ्यावर थांबले तर गोष्ट सुखान्त वाटते. पण ज्यांची डोळा-हाताची सांगड आणि हालचालींचे कौशल्य कच्चे होते त्यांना लेखन व गणित यांत अडचणी आहेत, हेही याच अभ्यासात दिसले. म्हणजे सरासरी सांगत होती की मुले ठीक आहेत, आणि वह्या सांगत होत्या की नाहीत. पुण्याच्या शाळांतून ही मुले नव्वदच्या दशकात शिकली, आज ती पस्तिशी ओलांडून गेलेली आहेत, आणि त्यांच्यापैकी किती जणांना आपल्या अडचणीचे खरे कारण कधी कोणी समजावून सांगितले असेल, या प्रश्नाने कोणीही अस्वस्थ व्हावे.

लहान मेंदू सारे भरून काढतो, या आशेला शास्त्रात आधार आहे. मात्र तो अर्धाच आहे. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत मार्गारेट केनार्ड यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले की मेंदूच्या हालचाली घडवणाऱ्या भागाला लहानपणी झालेली इजा मोठेपणीच्या तशाच इजेपेक्षा कमी बाधते. या निरीक्षणाचे पुढे इतरांनी तत्त्व बनवले आणि ते इतके सोपे करून सांगितले गेले की जितके वय लहान तितके बरे, असा अर्थ रूढ झाला. डोनाल्ड हेब यांनी १९४० च्या दशकातच त्याला हरकत घेतली होती. त्यांचे म्हणणे असे, की ज्या क्षमतांच्या जोरावर पुढचे शिकणे घडते त्याच क्षमता आरंभी मारल्या गेल्या तर पुढची सगळी इमारतच लंगडी होते. आणखी एक कल्पना हान्स-लुकास टॉयबर यांच्या नावाशी जोडलेली आहे. डाव्या गोलार्धाला अगदी लहानपणी इजा झाली तर भाषा पुष्कळदा उजव्या गोलार्धात जागा शोधते आणि मूल चांगले बोलू लागते, पण ती जागा मुळात अवकाशाची जाण, आकृत्या, दिशा यांसाठी असल्याने त्या क्षमतांची तिथे दाटी होते आणि त्या मागे पडतात. भाषा वाचली, याची किंमत दुसऱ्या कुठल्यातरी क्षमतेने मोजलेली असते. शिवाय काही उणिवा जन्मभर लपून बसतात आणि त्या क्षमतेची मागणी झाली तेव्हाच प्रकट होतात. नियोजन, कामांची क्रमवारी, मोह आवरणे ही मेंदूच्या पुढच्या भागाची कामे असून पाचव्या वर्षी त्यांची परीक्षा कोणी घेत नाही, पंधराव्या वर्षी मात्र सगळे घेतात. त्यामुळे पहिलीत उत्तम असलेले मूल नववीत कोसळते, आणि घरचे म्हणतात की संगत बिघडली.

असमान बुद्धी मोजायची कशी, याच्या मुळाशी जाताना महाराष्ट्राशी जवळचा संबंध असलेल्या दोन कसोट्या समोर येतात. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या कसोटीचे मराठी व कानडी मुलांसाठी रूपांतर केले आणि १९४० साली त्यावरचे पुस्तक प्रसिद्ध केले. आर्थर मालिन यांनी नागपुरात वेक्स्लर यांच्या बालकांच्या कसोटीची भारतीय आवृत्ती घडवली, आणि रोजच्या व्यवहारातील स्वावलंबन मोजणाऱ्या वाइनलँड मापनश्रेणीचे भारतीय रूपही त्यांनीच नागपुरात तयार केले. देशभरच्या रुग्णालयांत आजही या कसोट्या वापरात आहेत. त्यांतल्या कामत कसोटीची पद्धत जवळून पाहिली तर सरासरीचा खेळ उघड होतो. तिच्यात प्रश्न वयानुसार रचलेले असतात. ज्या वयापर्यंतचे सगळे प्रश्न सुटतात ते पायाचे वय, आणि त्यापुढे जितके सुटतील त्यांचे महिने त्यात मिळवत जायचे. लहान वयोगटांत दर वर्षाला सहा प्रश्न आणि प्रत्येक प्रश्नाला दोन महिने, असा हिशेब धरून दहा वर्षांची दोन मुले कल्पावीत. पहिल्याने आठव्या वर्षापर्यंतचे सारे सोडवले, नवव्या वर्षाचे तीन सोडवले, पुढे एकही नाही. त्याचे मानसिक वय साडेआठ वर्षे. दुसरा सातव्या वर्षाच्याच पातळीवर आकृती पाहून काढताना अडला, म्हणून त्याचे पायाचे वय सहा. पण सात ते दहा या चार वर्षांच्या चोवीस प्रश्नांपैकी पंधरा, म्हणजे शब्दांचे, समजुतीचे, साम्य-भेदाचे, त्याने सोडवले. सहा वर्षे अधिक तीस महिने, म्हणजे त्याचेही मानसिक वय साडेआठच. दोघांचा बुद्ध्यंक ८५. पहिला सगळ्यांच्या थोडा मागे सावकाश चालणारा मुलगा आहे. दुसऱ्याच्या मेंदूत एक दरी आहे. अहवालाच्या शेवटच्या ओळीत ही दोन मुले एकसारखी दिसतात.

कसोटी बनवणाऱ्यांचा यात दोष नाही. कोणते प्रश्न सुटले आणि कोणते राहिले, याची नोंद या कसोटीतच असते, आणि भाषा, स्मृती, तर्क, संख्या, डोळा-हाताची सांगड, सामाजिक समज अशा गटांत ती मांडून पाहण्याची पद्धतही आहे. मालिन यांच्या कसोटीत तर शाब्दिक आणि कृतिप्रधान असे दोन बुद्ध्यंक वेगळे निघतात. हुशार मानसशास्त्रज्ञ या दोहोंत वीस-पंचवीस गुणांची तफावत पाहताच थांबतो आणि पालकांना विचारतो की बाळंतपण कसे झाले होते. पण गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात प्रमाणपत्रासाठी लागतो तो एकच आकडा, आणि फाइलमध्ये उरतो तोही तोच.

हा आकडा पुढे कायद्याच्या दारात उभा राहतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले. त्यांत मेंदूचा पक्षाघात म्हणजे सेरेब्रल पाल्सी आहे, बौद्धिक दिव्यांगत्व आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, पण मेंदूला झालेली इजा असा स्वतंत्र प्रकार नाही. ज्याचे हातपाय ठीक आहेत आणि मेंदू दुखावलेला आहे त्याला कुठल्यातरी शेजारच्या खान्यात बसवावे लागते. २०१८ च्या मूल्यमापन तत्त्वांनी अध्ययन अक्षमतेच्या तपासणीसाठी बुद्ध्यंक ८५ च्या वर असण्याची अट घातली होती. बौद्धिक दिव्यांगत्वात वाइनलँड मापनश्रेणीवरची ७० ते ८४ ही पट्टी सीमारेषेवरची मानून तिला २५ टक्के दिव्यांगत्व दिले होते, आणि बहुतेक सवलती ४० टक्क्यांपासून सुरू होतात. ज्या मुलाची शाब्दिक बाजू १०५ आणि कृतिप्रधान बाजू ६० च्या आसपास आहे त्याचा एकत्रित बुद्ध्यंक बहुधा ७० ते ८४ च्या दरम्यान पडतो. त्या तत्त्वांनुसार तो अध्ययन-अक्षम ठरत नव्हता, कारण सरासरी खाली आली. तो बौद्धिक दिव्यांग ठरत नव्हता, कारण सरासरी वर राहिली. दोन्ही दारे त्याच्यासाठी बंद होत ती त्याच्या दोन टोकांनी एकमेकांना खोडून काढल्यामुळे. महाराष्ट्राने १९९६ पासूनच अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना परीक्षेत वाढीव वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष अशा सवलती देऊन देशापुढे पाऊल टाकले, ही मोठी गोष्ट आहे. पण ज्याला यांची गरज सर्वाधिक त्यालाच त्या न मिळाव्यात, हे त्या पावलाच्या हेतूशी विसंगत आहे.

शाळेत या दरीशी रोज गाठ पडते, आणि मराठी शाळेत ती दोन विशेष जागी पडते. देवनागरी लिपी ध्वनीच्या दृष्टीने नेमकी असली तरी नजरेला ती बरेच काम लावते. मात्रा अक्षराच्या वर, खाली, उजवीकडे आणि डावीकडे चारही बाजूंना बसतात, ऱ्हस्व इकार उच्चारात व्यंजनानंतर येतो आणि लिहिताना त्याच्या आधी, रफार ज्या अक्षराच्या आधी उच्चारायचा त्याच्या डोक्यावर चढतो, आणि जोडाक्षरात एका चौकटीत दोन-तीन वर्णांची दाटी होते. ज्या मुलाला जागेची आणि क्रमाची जाण कच्ची आहे त्याच्यासाठी हा प्रत्येक शब्द एक लहान कोडे असते. तोच मुलगा धडा ऐकून त्यावरच्या प्रश्नांची उत्तरे तोंडी अचूक देतो. दुसरी जागा संख्यांची. मराठीत सत्तावीस म्हणताना सात आधी येतात आणि वीस नंतर, लिहिताना मात्र दोन आधी आणि सात नंतर. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस सात’ अशी मांडणी आली तेव्हा राज्यभर वादळ उठले, आणि विषयसमितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांना भाषा बिघडवल्याच्या आरोपाला तोंड द्यावे लागले. त्या वादात परंपरेची बाजू पुष्कळांनी मांडली. ज्या मुलांच्या मेंदूत दोन उलटे क्रम एकाच वेळी धरून ठेवण्याची जागाच अरुंद आहे त्यांची बाजू फार थोड्यांनी मांडली. दोन्ही रूपे वर्गात राहू देण्याने मराठीचे काही बिघडले नसते आणि त्या मुलांना एक आधार मिळाला असता.

घरात व वर्गात अशा मुलाची पारख बहुतेकदा त्याच्या वरच्या टोकावरून होते, आणि हा न्याय सर्वांत क्रूर असतो. बोलण्यात कोणाला हार जात नाही, मग लिहायला काय होते. सगळे कळते, मनावर घेत नाही. मोबाइल बरोबर चालवता येतो, कपाट आवरता येत नाही. ही वाक्ये ज्या घरांत म्हटली जातात त्या घरांत माया कमी नसते. वरचे टोक डोळ्यांसमोर ढळढळीत असते, खालचे टोक दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याची जागा चारित्र्याचा दोष घेतो. मग आळस, कामचुकारपणा, हट्ट, खोटेपणा अशी नावे येतात. उलट काही घरांत आणि बऱ्याच शाळांत पारख खालच्या टोकावरून होते. एक वही पाहून मूल ‘ढ’ ठरते आणि त्याच्याशी त्याच्या वयाचे बोलणेच बंद होते. पहिल्या प्रकारात मुलाला न जमणाऱ्या गोष्टीबद्दल शिक्षा मिळते, दुसऱ्यात जमणाऱ्या गोष्टीची संधी जाते. पुष्कळांच्या वाट्याला दोन्ही येतात, आणि वर आपण नेमके कोण, हा प्रश्न त्यांचा त्यांनाच सुटत नाही, कारण आपल्या एका बाजूच्या अनुभवाने दुसऱ्या बाजूचा पुरावा रोज खोटा पाडलेला असतो. यात थकव्याची भर पडते. इतरांना सवयीने जमणाऱ्या गोष्टी, जसे गर्दीतून चालणे, ओळ न चुकता वाचणे, दोन सूचना लक्षात ठेवून तिसरी ऐकणे, त्यांना जाणीवपूर्वक कराव्या लागतात, आणि म्हणून सकाळी जमलेले काम संध्याकाळी जमत नाही. सकाळी जमले म्हणजे आता मुद्दाम करत नाही, हा निष्कर्ष बाहेरून अगदी तर्कशुद्ध दिसतो, आणि तो चुकीचा असतो.

या कठोरपणाला उतारा म्हणून जी समजूत पुढे येते तीही तपासली पाहिजे. २००७ साली आलेल्या ‘तारे ज़मीन पर’ या चित्रपटाने अध्ययन अक्षमता हा शब्द घराघरांत पोचवला, आणि पाचगणीच्या शाळेतल्या त्या मुलाने अनेक पालकांचे डोळे उघडले, हे त्याचे ऋण मान्यच करायला हवे. पण त्या कथेत अक्षरांशी झगडणारा मुलगा चित्रकलेत असामान्य निघतो, आणि प्रेक्षक हा दिलासा घेऊन बाहेर पडतो की निसर्ग एका हाताने काढून घेतो तेव्हा दुसऱ्या हाताने भरपाई देतो. मेंदूला झालेली इजा असा कोणताही करार करत नाही. शाबूत राहिलेली क्षमता बहुतेकदा साधीच असते, चारचौघांसारखी. ती उंच भासते ती शेजारच्या खड्ड्यामुळे. ज्याच्यात कोणतीही असामान्य देणगी नाही अशा माणसालाही त्याच्या साध्या क्षमता वापरण्याचा पूर्ण हक्क आहे, आणि सन्मान मिळवण्यासाठी त्याने आधी प्रतिभावंत असल्याचे सिद्ध करावे, ही अपेक्षा सहानुभूतीच्या वेषातली नवी परीक्षाच ठरते.

बुद्धी एकसंध नसते, हा विचार पुण्याला नवा नाही. १९६२ साली डॉ. वि. वि. तथा आप्पा पेंडसे यांनी स्थापन केलेल्या ज्ञानप्रबोधिनीत, तिच्या प्रज्ञामानस संशोधिकेने, जे. पी. गिल्फर्ड यांच्या बुद्धिरचनेच्या प्रतिमानावर आधारित कसोट्या तयार केल्या. या प्रतिमानात बुद्धी ही मूळ मांडणीनुसार १२० वेगवेगळ्या क्षमतांची बनलेली आहे. प्रज्ञावंत मुले एका आकड्याने निवडू नयेत, त्यांच्या क्षमतांचा आलेख पाहावा, हा विचार या शहराने इतक्या लवकर स्वीकारला. दोनच वर्षांनी, १९६४ मध्ये, याच शहरात मतिमंद मुलांसाठी ‘कामायनी’ सुरू झाली. वरच्या टोकाच्या मुलांसाठी एक दालन आणि खालच्या टोकाच्या मुलांसाठी दुसरे, आणि दोन्ही दालनांत निष्ठेने काम करणारी माणसे. पण जे मूल एकाच वेळी दोन्ही दालनांत थोडे थोडे बसते त्याच्यासाठी मधला दरवाजा उघडण्याचे काम राहून गेले. आलेख पाहण्याची जी काळजी बुद्धिमंतांच्या निवडीसाठी घेतली गेली तिची गरज इजा झालेल्या मुलाला कितीतरी अधिक होती.

या मांडणीवर एक वजनदार आक्षेप येतो. शासनाला लाभ वाटायचे असतात, साधने मर्यादित असतात, खोट्या दाव्यांना आळा घालायचा असतो, आणि त्यासाठी कुठेतरी रेघ ओढावीच लागते. आलेखावर रेघ ओढता येत नाही, आकड्यावर येते. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. निवृत्तिवेतन, आरक्षण, प्रवाससवलत यांसाठी आकडा लागेल, हे मान्य करावे लागते. पण परीक्षेत लेखनिक देणे, शाळेत प्रश्न तोंडी विचारणे, नोकरीत लेखी सूचना देणे, हे लाभ नव्हेत. त्या कामाच्या अटी आहेत, आणि त्यांचा संबंध माणसाच्या एकूण टक्केवारीशी नसून त्या एका कामाशी आहे. सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या खटल्यात नेमके हेच सांगितले. लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवाराला लेखनिक मिळण्यासाठी ४० टक्क्यांची अट लावता येणार नाही, असा तो निर्णय होता, आणि त्यानुसार १० ऑगस्ट २०२२ रोजी केंद्राने ४० टक्क्यांहून कमी दिव्यांगत्व असलेल्यांसाठीही लेखनिकाची तत्त्वे जाहीर केली. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाविरुद्धच्या एका अपिलात १५ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानेच म्हटले की दिव्यांगत्वाची टक्केवारी ठरावीक मर्यादेपलीकडे गेली एवढ्यावरून वैद्यकीय शिक्षणाचा प्रवेश नाकारता येणार नाही, तो विद्यार्थी अभ्यासक्रम पुरा करू शकतो का हे प्रत्यक्ष तपासले पाहिजे. एकात आकडा कमी होता म्हणून सोय नाकारली होती, दुसऱ्यात आकडा जास्त होता म्हणून संधी. न्यायालयाने दोन्हीकडे आकडा बाजूला सारून कामाकडे पाहिले. कायद्याची दिशा बदलते आहे, शाळा आणि आस्थापना अजून तिथवर पोचलेल्या नाहीत.

कामाकडे पाहणे म्हणजे काय, हे मांजरीच्या उपबाजारात उभे राहिले तर कळते. इथे शेतकरी आपला माल स्वतः विकतात. कोथिंबीर, मेथी, शेपू यांच्या जुड्या शेकड्याच्या भावाने जातात, आणि सौदा काही मिनिटांत ठरतो. जन्माच्या वेळी मेंदूला इजा झालेला, बोलण्यात तरबेज आणि आकड्यांत कच्चा असा एखादा तरुण या गाळ्यावर कल्पावा. कोणता व्यापारी गेल्या आठवड्यात काय बोलला, कोण उधारी बुडवतो, आजच्या मालात कोणती जुडी पुढे मांडावी, हे त्याला आपल्या सोबतच्या भावापेक्षा चांगले कळते. गिऱ्हाइकाशी तो गोडीने बोलतो आणि भाव धरून ठेवतो. पण सत्तावीस शेकड्यांचे पैसे किती झाले आणि परत किती द्यायचे, हे त्या गलबल्यात त्याला उमगत नाही, आणि टेम्पोत क्रेट नीट रचायला सांगितले तर ते कोसळतात. घरच्यांनी त्याला हिशेब आणि क्रेट या दोन कामांवर बसवले तर तो निरुपयोगी ठरतो. भाव ठरवण्याचे काम त्याच्याकडे दिले आणि आकडे मोबाइलवर किंवा भावाकडे ठेवले तर गाळा त्याच्या जोरावर चालतो. यात त्याच्यावर उपकार कोणी करत नाही. प्रत्येक धंद्यात कामाची वाटणी अशीच होत असते, फक्त इथे ती डोळसपणे करायची असते. शाळेने आणि रुग्णालयाने त्याला बारा वर्षांत जे सांगितले नाही ते, म्हणजे तो कुठे भक्कम आहे आणि कुठे त्याला टेकू लागतो, घरच्यांना ठेचा खातच शिकावे लागते, आणि बहुतेक घरे ते शिकण्याआधीच त्याच्यावरचा विश्वास गमावून बसतात.

मांजरीत हा प्रश्न आज आणखी एका वळणावर आलेला आहे. मांजरी बुद्रुक २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आले, शेताच्या जागी वसाहती उभ्या राहिल्या, जमिनींचे भाव चढले, आणि सामाईक सातबाऱ्यावर नाव असलेल्या प्रत्येक भावंडाच्या सहीला किंमत आली. असमान बुद्धीच्या माणसाच्या बाबतीत इथे पुन्हा दोनच वाटा सुचवल्या जातात. एक तर तो शहाणा आहे असे धरून कागद पुढे सरकवायचा, आणि नकाशा व आकडे न उमगता त्याची सही घ्यायची. नाहीतर तो वेडा आहे असे ठरवून त्याच्या नावाने दुसऱ्याने व्यवहार करायचा. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने पालक नेमण्याची सोय केली, पण ती स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता या चार प्रकारांपुरती. २०१६ च्या अधिनियमाचे १४ वे कलम मात्र या विषयासाठी फार मोलाचे आहे, आणि त्याची माहिती वकिलांनाही कमी असते. त्यात मर्यादित पालकत्वाची कल्पना आहे. म्हणजे ठरावीक निर्णयापुरता आणि ठरावीक काळापुरता, परस्पर विश्वासावर आणि त्या व्यक्तीच्या इच्छेनुसार चालणारा संयुक्त निर्णय. इतर कोणत्याही कायद्याखाली नेमलेला पालकही आता मर्यादित पालक म्हणूनच काम करतो, असेही हे कलम सांगते. या तरतुदीनुसार त्या गाळ्यावरच्या तरुणाच्या बाबतीत चतुःसीमा वाचणे, क्षेत्रफळ आणि रक्कम पडताळणे, बँकेत पैसे गुंतवणे एवढ्यापुरता आधार मागता येतो. जमीन विकायची की ठेवायची, कोणाला विकायची, त्या पैशातून बहिणीला काय द्यायचे, हे त्याचे त्याने ठरवायचे, कारण ते ठरवण्याची बुद्धी त्याच्यापाशी पुरेपूर आहे. जिल्हा न्यायालयाकडे असा अर्ज करताना कोणत्या बाबतीत आधार हवा आणि कोणत्या बाबतीत नको, हे एकेक करून लिहावे लागते. ती यादी बुद्ध्यंकाच्या आकड्यावरून करता येत नाही, आणि ती करण्यासाठी त्या तरुणाला शेजारी बसवून त्यालाच विचारावे लागते.